दादाचा दुसरा जबाब

माझा दादा वजनकाटे दुरुस्त करतो. किराणा दुकानातले, भंगारवाल्यांचे, सोनारांचे, दवाखान्यातले तान्ह्या बाळांना तोलायचे. जिन्याखालच्या अरुंद दुकानात, वजनांच्या लाकडी पेट्या, स्प्रिंगा, चिमटे आणि पितळ घासायची पावडर यांच्यात तो पस्तीस वर्षं बसलाय. बसलाय हे आपलं म्हणायचं म्हणून. त्याच्या पायाला भिंगरी आहे. खुर्चीत असला तर गुडघा हलवेल, उभा असला तर खिशातल्या किल्ल्या वाजवेल, चहाचा कप तीन ठिकाणी ठेवून चौथ्या ठिकाणी शोधेल. काटा स्थिर होईपर्यंत तेवढा श्वास रोखून धरतो, आणि मग लगेच उठून दारात जाऊन येतो.

त्याचा लाडका शब्द 'बघतो'. गिऱ्हाईक म्हणालं, उद्या मिळेल का? बघतो. वहिनी म्हणाली, नळ गळतोय. बघतो. नाही म्हणायची त्याला छाती नाही आणि हो म्हणायची घाई नाही. मी त्याची धाकटी बहीण. शाळेच्या ऑफिसात पंचवीस वर्षं मुलांचे दाखले लिहितेय. लग्न केलेलं नाही, त्यामुळे दुसऱ्यांच्या लग्नांबद्दल माझी मतं फार ठाम आहेत. मी दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहते, दादा-वहिनी समोरच्या इमारतीत.

वहिनी इस्पितळात चादरींच्या खोलीत काम करते. ते इस्पितळ नन्स चालवतात. धुऊन आलेल्या चादरी तपासायच्या, फाटक्या बाजूला काढायच्या, बाकीच्या घडी घालून वॉर्डांत पाठवायच्या. दादाशी तिची ओळखही तिथलीच. लाँड्रीचा काटा बिघडला होता, हा दुरुस्त करायला गेला आणि एका आठवड्यात तो काटा चार वेळा बिघडला. कचेरीत सह्या करून लग्न झालं. घटस्फोटित माणूस केला म्हणून तिचे वडील वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत. या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली. एक मुलगी आहे, ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असते.

चार वर्षांपूर्वी वहिनी दुपारच्या सुट्टीत इस्पितळातल्या छोट्या चॅपेलमध्ये जाऊन बसायला लागली. का, तर म्हणे, "अख्ख्या इमारतीत तेवढी एकच खोली आहे जिथे मला कोणी चादर मागत नाही." आधी नुसती बसायची. मग प्रार्थना ऐकायला लागली, मग बायबल वाचायला. एक दिवस जेवताना तिनं सांगून टाकलं, मला बाप्तिस्मा घ्यायचाय. दादा ना देवाचा ना धर्माचा. तो म्हणाला, "तुझं तू बघ. मला त्यात ओढू नको." वहिनीनं ओढलं नाही. दोन वर्षं ती दर रविवारी बाप्तिस्म्याआधीच्या शिकवणीला एकटी गेली.

आणि बाप्तिस्म्याला दोन महिने राहिले असताना फादरनी निरोप धाडला, नवऱ्याला घेऊन या, लग्नाचे कागद घेऊन या.

दादा भडकला. "धर्म ही बदलतेय, कागद माझे कशाला?" शेवटी वहिनीनं मला सोबत घेतलं. एकटा नेला तर मधेच उठून जाईल, अशी तिला खात्री होती.

फादर तरुण होते आणि सर्दीनं बेजार झालेले. टेबलावर रुमालांची चळत. त्यांनी विचारलं, "काका, तुमचं हे पहिलंच लग्न ना?"

"दुसरं. पहिलीशी काडीमोड झाला. हा कोर्टाचा कागद. झालं?"

"नाही झालं," फादर नाक पुसत म्हणाले. "आमच्याकडे असं धरतात, की दोन माणसांनी मनापासून एकमेकांना पत्करलं की ते लग्न. मग ती कुठल्याही धर्माची असोत, लग्न कचेरीत होवो नाहीतर मंडपात. म्हणजे तुमचं पहिलंही लग्नच. कोर्टानं मोडलं तरी आम्ही मोडलं असं मानत नाही. ते मुळात नीट झालं होतं का, एवढं मात्र तपासता येतं. म्हणून विचारतो, कसं झालं होतं?"

आता इथे माणसानं विचार करून बोलावं. पण हा प्रश्न दादाला चौतीस वर्षं लोक विचारत आलेत आणि त्याचं उत्तर त्याला पाठ आहे. समोर एक शिकलेला माणूस लिहून घेतोय म्हटल्यावर तो आणखीच ताठ बसला.

"झोकात झालं. मुलगी राजीखुशीनं आली. दोन वर्षं गुण्यागोविंदानं नांदलो. माझ्याकडून काही कमी नाही हो. एक दिवस मी दुकानात असताना बॅग भरून पळून गेली."

फादरनी सगळं लिहिलं, वाचून दाखवलं, दादानं ऐटीत सही ठोकली. बोलताना त्यानं एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मीही खिडकीबाहेर बघत होते.

मग फादरनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही सांगता तसं असेल, तर ते लग्न खरं होतं. मोडलं, ते वेगळं. म्हणजे आमच्या हिशेबी तुमची ती पत्नी अजून तुमची पत्नी आहे. हे सुटल्याशिवाय मला काकूंना बाप्तिस्मा देता येणार नाही."

"आणि मी कोण?" वहिनीनं विचारलं. अगदी साध्या आवाजात, बसमध्ये तिकीट विचारावं तसं.

फादरनी रुमालांची चळत उगाच सरळ केली. चांगला मुलगा होता, त्याचे कान लाल झाले.

रस्त्यात वहिनी एवढंच बोलली, "मी तुमची कोण हे मला चर्चनं सांगायला नको. पण दोन वर्षं मी ज्या दारात उभी आहे, ते तुमच्या पहिलीच्या नावानं बंद व्हावं, हे काही मला पचत नाही." घरी गेल्यावर तिनं आपली उशी आणि पांघरूण उचलून मुलीच्या रिकाम्या खोलीत नेलं. भांडण नाही, आदळआपट नाही. खरं काय ते कळेपर्यंत मी इकडेच, म्हणाली. आदळआपट झाली असती तर दादाला सोसली असती.

त्या दिवसापासून त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. सकाळी माझ्याकडे यायचा, पंखा लावायचा, बंद करायचा, बसायचा, उठायचा, "निघतो" म्हणायचा आणि जिन्यातून परत यायचा. एका सोनाराच्या काट्याची पाती त्यानं उलटी बसवली. असली चूक त्यानं उमेदवारीतसुद्धा केली नव्हती. मी गप्प होते, पण मलाही कुठे चैन होतं? शाळेत एका मुलाच्या दाखल्यावर मी बापाच्या नावाच्या जागी मुख्याध्यापकांचं नाव लिहिलं.

कारण खरं काय ते आम्हा दोघांना माहीत होतं.

दोन वर्षं नव्हती, चार महिने होते. आणि मुलगी राजीखुशीनं वगैरे मुळीच आली नव्हती. आमच्या वडिलांचे एक भागीदार होते, त्यांची ती मुलगी. दोघा बापांनी दुकानात बसून ठरवलं. तिला लग्न नको होतं, तसं ती घरी म्हणाली, तर तिच्या वडिलांनी जीव देईन म्हणून दार लावून घेतलं. लग्नाच्या आदल्या दिवशी भर दुपारी ती दादाच्या दुकानात आली. तिचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "मला हे लग्न नकोय. घरी माझं कोणी ऐकत नाही. तुम्ही नाही म्हणा, तुमचं ऐकतील."

दादा म्हणाला, "बघतो."

आणि त्यानं काही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. चार महिने ती आमच्या घरी होती, माझ्या खोलीत, माझ्या शेजारच्या कॉटवर. दादानं तिला कधी हात लावला नाही, तेवढा तो सज्जन आहे. चार महिन्यांनी ती मावशीकडे निघाली तेव्हा तिची बॅग बसस्टँडपर्यंत दादानंच उचलून नेली. घरी आल्यावर वडील ओरडले, "पळाली?" दादा खाली मान घालून उभा राहिला. झालं, ती पळाली. मग चार महिन्यांत बायको का पळाली, असं लोक विचारायला लागले, म्हणून चाराचे सहा झाले, सहाचं वर्ष, आणि वहिनीला सांगेपर्यंत दोन वर्षं. आपली अब्रू झाकायला घेतलेलं पांघरूण ते. आता त्याच पांघरुणात त्याचा दुसरा संसार गुदमरत होता.

"जाऊन खरं सांग," मी म्हटलं.

"फादर म्हणतील, आता सोयीचं बोलतोय. आणि ही म्हणेल, सत्तावीस वर्षं फसवलं."

"मग काय करणार?"

"बघतो," तो म्हणाला, आणि मी हातातली किसणी आपटली. इतकी, की तिचा दांडा वाकला.

पुढच्या शनिवारी तो एकटाच फादरकडे जाऊन आला. काही कबूल केलं नाही, नुसतं विचारून आला, समजा एखाद्याचा जबाब चुकला असेल तर? फादर म्हणाले, "जबाब बदलता येतो. पण नुसत्या तुमच्या शब्दावर कोणी विसंबणार नाही. त्या बाईंचं म्हणणं लागेल, साक्षीदार लागेल. आणि ठरवणारा मी नाही, चर्चची वरची कचेरी आहे."

त्या बाई कुठे आहेत, हे शोधावं लागणार नव्हतं. मागच्या बाजारात त्यांचं लोकरीचं दुकान आहे. गावातल्या प्रत्येक गल्लीतले काटे दादा तपासतो, ती एक गल्ली सोडून. तिथे तो दरवर्षी दुसऱ्या कारागिराला पाठवतो. धंद्यातले लोक त्यावरून त्याला चिडवतात, आणि तो हसून साजरं करतो.

दादा आणि मी गेलो तेव्हा त्या बाई लोकरीचे गुंडे तोलत होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, केस पांढरे, हात भराभर चालत होते. गिऱ्हाईक जाईपर्यंत त्यांनी आम्हाला उभं ठेवलं. दादा एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. मग त्यानं एकदाचं सगळं सांगितलं. वहिनी, बाप्तिस्मा, फादर, सही.

"म्हणजे मी पळाले, असं तिथेही लिहून दिलंत," त्या म्हणाल्या.

दादा खिशातल्या किल्ल्या चाचपायला लागला.

"चौतीस वर्षं या बाजारात मी पळालेली बाई आहे. माझ्या नवऱ्याला लोक सांगायचे, सांभाळ हो, ही टिकत नाही. तो हसायचा. गेला बिचारा, शेवटपर्यंत हसला." त्यांनी गुंडा खणात टाकला आणि माझ्याकडे वळल्या. "आणि तू. त्या दुपारी तू काउंटरमागे वजनं पुसत होतीस. मी तुला बघितलं होतं."

मला वाटत होतं की हे कोणालाच माहीत नाही. मी अठरा वर्षांची होते. वजन पुसता पुसता सगळं ऐकलं, वर गेले आणि कोणाला काही बोलले नाही. नंतर चार महिने ती रोज माझ्या शेजारी भिंतीकडे तोंड करून निजायची, आणि मी तिला एका शब्दानं विचारलं नाही. दादावर मी इतकी वर्षं डाफरत आले, त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच आहे. मला त्या दुकानात फार लाज वाटली.

"मी लिहून देईन," त्या म्हणाल्या. "जे झालं ते देईन, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. पण तेव्हा मी आधी बोलले होते. या वेळी तुम्ही आधी बोला. बायकोशी. तिला स्वतः इथे येऊन मला सांगू दे की तुम्ही बोललात."

त्या दिवशी दादा दुकानात न जाता सरळ घरी गेला. मला म्हणाला, तू चल. वहिनी गॅलरीत कपडे काढत होती. तो तिच्यामागे उभा राहून बोलायला लागला. तिनं वळून बघितलं नाही, चिमटे काढत राहिली आणि तो बोलत राहिला. चार महिने. दुकान. तुम्ही नाही म्हणा. बघतो. बॅग. मधे एकदा तो थांबला, तेव्हा मी म्हटलं, "मीही तिथे होते, वहिनी. मीही ऐकलं होतं." शेवटी हातातले सगळे चिमटे तिनं डब्यात टाकले.

"मी तुमची किती कीव केली," ती म्हणाली. "टाकून दिलेला माणूस, म्हणून तुमच्यावर आवाज चढवताना जीभ चावली मी. सत्तावीस वर्षं." आणि आत जाऊन तिनं दार लावलं.

चार दिवस ती दादाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी कामावरून उशिरा आली, ती थेट दुकानात. पिशवीतून निळ्या लोकरीचा गुंडा काढून तिनं काउंटरवर ठेवला. वहिनीला विणता येत नाही. दादानं काही न विचारता सवयीनं तो उचलून काट्यावर टाकला. चिठ्ठीवर दोनशे ग्रॅम होतं. काटा दोनशे सहावर थांबला.

"जास्त देते," दादा पुटपुटला.

"हो," वहिनी म्हणाली. "तुम्हालाही चार महिने जास्तच दिले तिनं. उद्या फादरकडे जायचंय. आंघोळ करून या, आणि किल्ल्या घरी ठेवा."

दादाचा दुसरा जबाब अडीच पानांचा झाला. पहिल्यात सगळे शब्द मोठे होते, यात लहान होते. लोकरवाल्या बाईंचं म्हणणं वेगळं गेलं, माझं वेगळं. माझ्या कागदावर मी लिहिलं, मी ऐकलं होतं आणि गप्प राहिले. आयुष्यात एवढे दाखले लिहिले, पण हा लिहिताना दोनदा उठून पाणी प्यावं लागलं.

मग वाट बघणं. दोन महिन्यांवर आलेला बाप्तिस्मा हुकला. वहिनीबरोबर शिकलेल्या सगळ्यांचा झाला, ती मागच्या बाकावर बसून बघून आली. वरच्या कचेरीचं पत्र येईना. दादा दिवसातून तीनदा पोस्टमनला अडवायचा. पोस्टमन शेवटी गल्ली बदलून जायला लागला. वहिनी अजून मुलीच्याच खोलीत होती. बोलायची, हसायची, डबा भरायची, पण उशी परत आणली नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "कागद येऊ दे." कागद आला नाही तर काय, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

अकराव्या महिन्यात फादरनी बोलावलं. आम्ही तिघंही गेलो. फादरना पुन्हा सर्दी होती.

"पहिलं लग्न मुळात झालंच नव्हतं, असा निर्णय आहे," ते म्हणाले. "त्या मुलीवर जबरदस्ती होती. म्हणजे तुमचं दोघांचं लग्न अगदी पहिल्या दिवसापासून खरं आहे. पुन्हा काही लावायला नको, सही नको, काही नको. काकू, आता तारीख ठरवू."

दादानं मोठा श्वास सोडला आणि सवयीप्रमाणे ताडकन उठला. वहिनी उठली नाही.

"मला यांना एक विचारायचंय. तुमच्यासमोर."

फादरनी मान हलवली. दादा खुर्चीची पाठ धरून उभा.

"तेव्हा मीही येऊन म्हटलं असतं, मला लग्न नकोय, तुम्ही घरी सांगा. तर तुम्ही सांगितलं असतं?"

मी दादाकडे बघत होते. 'बघतो' त्याच्या ओठांवर येईल, असं मला वाटलं. किंवा तो पटकन 'हो' म्हणेल, त्यात काय, कोण तपासणार? त्याचा गुडघा हलत नव्हता. हात खिशात नव्हते.

"नाही," तो म्हणाला. "नसतं सांगितलं. माझ्यात तेवढी धमक नव्हती."

वहिनी पदर सावरून उठली.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "म्हणून तर मी तेव्हा माझ्या वडिलांपुढे उभी राहून स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, मला हाच माणूस हवाय. ते काम तुमच्यावर सोडलं नाही."

फादरनी रुमाल नाकाला लावला, पण नाक शिंकरलं नाही. बाहेर आल्यावर वहिनी दादाला म्हणाली, पायऱ्या उतरताना माझा हात धरा, गुडघा दुखतोय. त्यानं धरला. घरी गेल्यावर तिनं आधी उशी परत आणली, मग चहा टाकला.